उजेड आत, वारा बाहेर

देवाला उदबत्ती ओवाळणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. खिडकीला ओवाळणारा माणूस एकच. आमचे हेडमास्तर. सकाळी आंघोळ आटोपली की ते देवापुढे उदबत्ती लावीत, देवांना ती घाईघाईने दाखवीत, आणि मग त्यांची खरी पूजा सुरू होई. उदबत्ती घेऊन ते खिडकीपाशी जात आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यापासून, श्वास रोखून, ती कडेकडेने फिरवीत. धूर सरळ वर गेला की मान डोलवीत. कुठे तो दचकून आत वळला, की तिथेच थांबत, त्या जागेवर डाव्या हाताचे बोट दाबून धरीत आणि मला हाक मारीत, "मास्तर, सापडला! खळ आणा." तांदळाच्या पिठाची खळ शिजवून ठेवणे हे माझ्या नोकरीतले पहिले काम होते. पोरांना शिकवणे त्यानंतर.

भोर संस्थानचे राज्य होते तेव्हाची ही गोष्ट. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंधा घाटाकडे तोंड करून बसलेल्या एका गावात मी दुय्यम मास्तर म्हणून रुजू झालो. भोरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी मिळाली तर बैलगाडी, आणि उरलेली वाट आपल्या पायांनी. शाळेची इमारत दगडी. तिच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, एक हेडमास्तरांची आणि एक माझी. घाट चढून आलेला वारा पहिल्यांदा आदळायचा तो या दोन खोल्यांवर. गाव आमच्या आडोशाला होते. इमारत बांधणाऱ्याला गावाची माया होती, मास्तरांची नव्हती, असे हेडमास्तर म्हणत.

मी पुण्याच्या पेठेतून आलेला. नुकताच परीक्षा पास झालेला, आणि निसर्गावर लिहायला लागणारी सगळी विशेषणे सोबत बांधून आणलेली. पहिल्या दिवशी मी खोलीची खिडकी सताड उघडली, छाती फुगवली आणि म्हणालो, "वा, काय हवा आहे हो!"

हेडमास्तर दारात उभे होते. उंच, काटकुळे, डोक्याला घट्ट पागोटे. सापाच्या बिळात हात घालणाऱ्या पोराकडे बघावे तसे त्यांनी माझ्याकडे बघितले. "हवा वेगळी आणि वारा वेगळा, मास्तर," ते म्हणाले, "कळेल."

लवकरच कळले. मी खिडकी लावून, कडी घालून झोपलो होतो, तरी झडपांच्या फटींतून आलेल्या वाऱ्याने खुंटीवरची माझी टोपी उडवली आणि नेमकी शेगडीत टाकली. टोपी एकच होती. दुसऱ्या दिवशी मी बोडक्या डोक्याने वर्गावर गेलो. त्या काळी मास्तराने बोडक्याने शिकवणे म्हणजे जवळजवळ विनाधोतर शिकवणे. राधाई म्हणून एक धनगरीण वरच्या वाडीवरून आम्हाला दूध घालायला यायची. तिने मला बघितले आणि भांडे खाली ठेवून डोक्यावरचा पदर सावरला. "धाकल्या मास्तरांच्या घरी कोन वारलं व्हय?" तिने हळूच विचारले. मी म्हणालो, "टोपी." तिने "अरारा" म्हटले खरे, पण त्या दिवसापासून गावात माझी जी काय पत होती ती टोपीबरोबर शेगडीत गेली.

हेडमास्तर मात्र खूश झाले. त्यांना शिष्य मिळाला. "आता सांगतो," ते म्हणाले, "नीट ऐका. पोरं डोक्यावरून लाकूड आणतात शाळेला. एकेक काटकी करून. आपण ते जाळतो. ऊब होते. ती ऊब खिडकीतून जाते. म्हणजे काय झालं? आपण खोली तापवत नाही, वरंधा घाट तापवतो. घाटाला थंडी वाजते असं घाट कधी बोलला का तुमच्याजवळ?"

मी म्हणालो, नाही.

"मग?"

ते म्हणत, घर नवे बांधायला कोण सांगतो? आहे त्या खिडकीला शहाणे करा. आणि त्यांनी खिडक्यांना शहाणे करायचा चंग बांधला होता. राधाईकडून मेंढ्यांची लोकर घ्यायची, तिच्या वाती वळायच्या आणि झडप जिथे चौकटीला टेकते तिथे त्या बसवायच्या. जिथे लाकूड आक्रसले असेल तिथे जुन्या धोतराची पट्टी खळीने चिकटवायची. खिडकीला बाहेरून एक झडप आणि आतून कारवीची, शेणमातीने लिंपलेली दुसरी, मध्ये टीचभर जागा. "दोघींच्या मध्ये वारा सापडला की तो निजतो," ते सांगत. "वाहता वारा चोर, निजलेला वारा गोधडी." थंडीत सूर्य वर आला की दोन्ही झडपा काढून ऊन आत घ्यायचे, उन्हे कलली की पुन्हा लावायच्या. ह्या कामाला ते "खिडक्यांची दिवेलागण" म्हणत आणि त्यासाठी चालू वर्ग सोडून उठत. पोरे पाढे म्हणत राहायची आणि हेडमास्तर खिडकी लावत लावत मधूनच, "सतरा साते?" असे ओरडायचे.

गावाला ह्या प्रकाराचे आधी हसू आले, मग कौतुक वाटले, मग त्याचे त्यांनी आपल्या पद्धतीने रूपांतर करून टाकले. दसऱ्याला जो तो आपापल्या हत्याराची पूजा करतो. शेतकरी नांगराची, सुतार करवतीची. आम्ही शाळेत पाट्या मांडून सरस्वतीची पूजा करायला जमलो तर शाळेच्या एकूण एक खिडक्यांना हळदकुंकू लावलेले, झेंडूची फुले खोचलेली. राधाई म्हणाली, "थोरल्या मास्तरांचं हत्यार तेच न्हवं? तुमी रोज ओवाळता, मग आमी एक दीस ओवाळलं." मला हसू आवरेना. हेडमास्तरांना राग येईल असे वाटले होते. ते खिडकीजवळ गेले, फुलाची पाकळी हलते का ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, इथं येतोय. खळ आणा."

त्यांच्याबरोबर कुणाकडे जायचे म्हणजे संकट असे. आंबवड्याला एका लग्नाला गेलो तर हे जानवसघरात पाट सोडून खिडकीजवळ उदबत्ती घेऊन उभे. वरपक्षाला वाटले, वधूपक्षाचे उपाध्याय काही विधी करताहेत. वरमाईने त्यांना दक्षिणा देऊ केली. ती त्यांनी घेतली नाही, पण थोडी लोकर मिळेल का असे विचारले.

शाळातपासणीला साहेब आले तेव्हा तर माझी शंभर वर्षे भरली. वर्ग माझा होता. साहेबांनी विचारले, "वारा म्हणजे काय?" पुस्तकात उत्तर होते, वाहणाऱ्या हवेस वारा म्हणतात. ते मी घोकून घेतले होते. सगळ्या वर्गाने एका सुरात सांगितले, "चोर!" साहेबांनी माझ्याकडे बघितले. मी छताकडे. "काय चोरतो?" साहेबांनी विचारले. "ऊब!" मागे हेडमास्तर उभे होते, आणि मुलगा पहिला आल्यावर बापाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. मी मनातल्या मनात पुण्याची मोटार पकडली. पण साहेबांना चहाला हेडमास्तरांच्या खोलीत नेले, शहाण्या केलेल्या खिडकीखाली बसवले, आणि प्रवासाने गारठलेले साहेब बसल्या जागी घोरू लागले. उठल्यावर त्यांनी शाळेची स्थिती समाधानकारक असल्याचे सांगितले. माझी नोकरी वाचली ती माझ्या शिकवण्याने नव्हे, मेंढीच्या लोकरीने.

एवढे सगळे हा माणूस कशासाठी करतो, याचे उत्तर मी माझ्यापुरते शोधून काढले होते. झाले असे, की एकदा पट्ट्यांसाठी जुने कापड हवे होते म्हणून त्यांनी ट्रंक उघडली. स्वतःचे धोतर फाडले, उपरणे फाडले. तळाशी एक हिरवे लुगडे होते, घडी न मोडलेले. मी हात पुढे केला तर ते म्हणाले, "हे नाही," आणि ट्रंक बंद केली. शिवाय खोलीत पाट दोन होते, फुलपात्री दोन. झाले! माझ्यातला कवी जागा झाला. मी ताडले, की ह्यांची पत्नी ह्याच खोलीत, ह्याच वाऱ्याने, ऐन तारुण्यात गेली असणार, आणि हा दुर्दैवी पती त्या वाऱ्याचा सूड घेत असणार. मी त्यांच्याकडे ओलसर डोळ्यांनी बघू लागलो. त्यांनी विचारले, "डोळे आलेत का? त्रिफळा घ्या." मी एक विलापिकाही रचली. तिच्यात 'निष्ठुर समीर' तीनदा येत होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी पुण्याला होतो, तिथे ते आले आणि परत येताना मला बरोबर घेऊन आले, कारण त्यांना एक काच आणायची होती. आमच्या खोऱ्यात तोवर कुणाच्या खिडकीला काच नव्हती. झडप लावली की ऊब राहायची पण अंधार व्हायचा. उघडली की उजेड यायचा पण ऊब जायची. "उजेड आत, वारा बाहेर," हे त्यांचे स्वप्न. ती काच त्यांनी घोंगडीत गुंडाळून मोटारीत मांडीवर घेतली आणि खड्डा आला की तिला उराशी धरीत. शेजारी बसलेल्या बाईने विचारले, "लेकरू किती महिन्यांचं?"

"आजचंच आहे," हेडमास्तर म्हणाले.

"आन् आय कुठं हाय?"

"भोरला."

मला वाटले, म्हातारा विनोद करतो आहे. भोरला उतरल्यावर त्यांनी मला अड्ड्यावर सामान राखायला बसवले आणि काच घेऊन ते गावात गेले. बऱ्याच वेळाने आले, तेव्हा तोंडावर हसू मावत नव्हते. मी म्हटले, सुताराला दाखवून आले असतील. एवढ्या खुणा समोर पडलेल्या असताना सुतारच आठवावा, इतकी माझी कल्पनाशक्ती तल्लख होती.

माझ्या विलापिकेला श्रोता नव्हता. शेवटी एके दिवशी दूध घ्यायच्या निमित्ताने मी राधाईजवळ मोठा निःश्वास टाकला आणि म्हणालो, "थोरल्या मास्तरांच्या पत्नी गेल्या ते दुःख काही त्यांच्या मनातून जात नाही."

राधाईने भांडे खाली ठेवले. "अवो, काय वंगाळ बोलताय! बाई भोरला हायत की, चांगल्या धडधाकट. मागल्या बाजारालाच भेटल्या मला."

"कोण बाई?"

"मास्तरांची बाई! अवो, लगीन होऊन हितं आल्या त्या ऐन पावसाळ्यात. झड आत, हातरून वलं, छातीत कफ झाला, ताप उतरंना. चौघांनी डोलीत घालून खाली नेली. तवा जाताना म्हनल्या, ह्यो वारा जाईल तवा येईन. त्या गेल्या त्या गेल्याच. मास्तर जात्यात सुट्टीला भेटाया. म्या बी म्हनते त्यास्नी, चला की वर. तर म्हंत्यात, वारा गेला का?"

मी खोलीत आलो आणि विलापिका शेगडीत टाकली. टोपीच्या जागी. मला स्वतःचे हसूही आले आणि एकाएकी भरूनही आले. सूड वगैरे काही नव्हते. बायकोने जाताना एक अट सांगितली होती आणि हा माणूस ती इतकी वर्षे लोकर आणि खळ घेऊन पुरी करीत बसला होता.

काच बसली. खिडकीच्या आतल्या अंगाला, चौकटीत घट्ट, चारही कडांना मेण आणि लोकर. ती उघडायची सोयच त्यांनी ठेवली नाही, कारण उघडते ती फट. आणि मग त्यांनी मला सांगितले, ते सांगताना त्यांनी पागोटे दोनदा नीट केले, "पौषात आमची मंडळी येणार आहेत. चार दिवस बघते म्हणाल्या. राहिल्या तर राहिल्या."

पौष म्हणजे आमच्याकडे वाऱ्याचा भर. त्यांनी मुद्दाम तोच महिना मागितला होता. परीक्षा द्यायची तर सोप्या पेपरची कशाला, असे त्यांचे म्हणणे. आम्ही दोघे भिंती चाचपत फिरलो. दाराच्या कडेला लोकर, उंबऱ्याला गोणपाट. मी खळ इतकी शिजवली की जेवताना भाताकडे बघवेना. सगळे बंद झाले, फक्त आढ्याजवळचा एक झरोका राहिला, मांजर जेमतेम जाईल एवढा. तो त्यांनी स्वतःच राखून ठेवला होता. मागे एकदा मी अतिउत्साहाने तो बुजवायला निघालो तेव्हा ते मला बोलले होते, "घराला एक नाकपुडी लागते, मास्तर. शेगडी पेटते तिथं ती कधी बुजवू नये."

बाई यायच्या त्या दिवशी सकाळी त्यांनी उदबत्ती लावली. चौकट सरळ. दार सरळ. पण खोलीच्या मधोमध धरली की धूर किंचित, केसभर, वर झरोक्याकडे झुकायचा. ते परत परत लावून बघत होते. मी म्हणालो, "एवढं कोण बघतं?" मग त्यांनी पागोटे काढले, ट्रंकेवर पाट ठेवून वर चढले आणि ते त्या झरोक्यात कोंबले. धूर सुतासारखा सरळ झाला. "आजच्या दिवस," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. अति तेथे माती हे मी पोरांना त्याच आठवड्यात फळ्यावर लिहून दिले होते. पण तेव्हा मी नुसता "वा!" म्हणालो.

बाई दुपारी आल्या. निम्मी वाट गाडीने, निम्मी चालत. मी मनात जी क्षीण, पांढुरकी मूर्ती घडवली होती तिचा इथे काही संबंध नव्हता. चांगल्या अंगापिंडाने भक्कम, चढ चढूनही धाप न लागलेली बाई. दारात हेडमास्तर बोडक्या डोक्याने उभे. त्यांना बघून त्या घाबरल्या.

"अहो, डोकं उघडं का? कोण गेलं?"

"वारा गेला," हेडमास्तर म्हणाले. इतक्या आनंदाने बोललेले वाक्य मी त्यांच्या तोंडून त्याआधी ऐकले नव्हते.

आम्ही आत गेलो. दार लावले. बाहेर वारा डोके आपटत होता आणि आत काचेतून पिवळे ऊन जमिनीवर पडले होते. शेगडीत कोळसे रसरसले होते. बाईंनी हात शेकले, काचेला बोट लावून बघितले. "ऊब आहे हं," त्या म्हणाल्या. हेडमास्तरांनी उदबत्ती लावून खोलीच्या मधोमध धरली. धूर सरळ आढ्याला गेला. त्या बघत राहिल्या, आणि ते त्यांच्याकडे. मी चहा करीत होतो. मला तिथून उठायला हवे होते, पण असा प्रसंग पुन्हा कधी बघायला मिळणार म्हणून मी रेंगाळलो.

उन्हे कलायला लागली. बाई म्हणाल्या, डोकं जड झालंय. हेडमास्तर म्हणाले, चालून आलात, पडा जरा, आणि शेगडीत आणखी कोळसे घातले. त्या भिंतीला टेकून बसल्या. माझे डोळे पाणावले. डोके गरगरू लागले, हातापायांतले बळ गेले. मला वाटले, हा करुणरस. पुस्तकात वाचलेला रस पहिल्यांदा अंगी भिनतो आहे म्हणून मी धन्य होत होतो. एवढ्यात बाई एका बाजूला कलंडल्या.

हेडमास्तर "अहो! अहो!" करीत त्यांना हलवू लागले. त्या उत्तर देईनात. तेव्हा कुठे त्यांची नजर वर झरोक्याकडे गेली. "मास्तर, दार!" ते ओरडले.

मी उठलो. दाराकडे धावलो असे मला सांगायला आवडेल. मी दारापर्यंत पोचलो आणि तिथे आडवा झालो. दार आत उघडणारे होते, आणि आता त्याला आतून माझा अडसर होता. सगळ्या आयुष्यात कुठली फट मी एवढी पक्की बुजवली नसेन. पडल्या पडल्या मला दिसले ते एवढेच: हेडमास्तर एक क्षण काचेसमोर उभे राहिले. मग त्यांनी पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि दोन्ही हातांनी काचेवर घातला.

वारा आत आला. असा आला की शेगडीतली राख उडाली, देवांवरची फुले उडाली, आणि उदबत्ती विझली. हेडमास्तर उरलेल्या काचा हातांनी ओढून काढत होते, वाट मोठी करत होते. बाहेरून राधाईचा आवाज आला, "काय फुटलं वो?" आणि दार ढकलत ती कुरकुरली, "ह्यो कोन पडलाय आडवा? पोतं हाय का मास्तर?" तिने दारासकट मला बाजूला सारले.

बाईंनी डोळे उघडले. एक मोठा श्वास घेतला, दुसरा घेतला. आणि त्यांचे पहिले शब्द मी स्वतः ऐकले. "अगबाई," त्या म्हणाल्या, "काय छान वारा येतोय!"

हेडमास्तर खाली बसले. हातातून रक्त ठिबकत होते. आजूबाजूला काचा पसरल्या होत्या. इतकी वर्षे ज्याला बाहेर ठेवले तो त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या बायकोला जागे करीत होता. मला त्यांची इतकी कीव आली की गरगरणे विसरून मी उठून बसलो.

बाईंनी त्यांचा हात ओढून घेतला, पदराची किनार टर्रकन फाडली आणि बांधता बांधता म्हणाल्या, "मी तेव्हा तापात होते हो. चिडले होते. वारा जाईल तेव्हा येईन म्हणजे येणारच नाही, एवढंच म्हणायचं होतं मला. कुठल्या गावचा वारा कधी गेलाय?"

"मला तसं वाटलं नाही," हेडमास्तर म्हणाले.

"नाही ना वाटलं?" त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडू लागल्या. "मीच म्हणते, दर सुट्टीला येऊन हा माणूस खिडक्यांचंच काय सांगतो. काच दाखवायला आलात तेव्हा कळलं मला. तेव्हाच येणार होते. म्हटलं, राहू दे, एवढी आवडीने बसवतायत तर बसवून होऊ दे."

राधाई शेगडी उचलून बाहेर नेता नेता म्हणाली, "आता न्हेऊ नगा बाईस्नी खाली."

"नाही, राहते मी," बाई म्हणाल्या. "पण ह्या फुटक्या काचेची जागा माझी. तिथं काही चिकटवायचं नाही. पाऊस लागेल तेव्हा झडप लावू, एरवी ती उघडी."

हेडमास्तरांनी त्या भोकाकडे बघितले, शेगडीकडे बघितले आणि हिशेब केल्यासारखा चेहरा करून म्हणाले, "बाकीच्या सगळ्या बंद आहेत. परवडेल."

बाई राहिल्या. हिरवे लुगडे ट्रंकेतून निघाले. झरोक्यातले पागोटे मी काढले, ते काळे झाले होते; तरी हेडमास्तरांनी तेच धुऊन वापरले. रोजची उदबत्ती चालूच राहिली, मात्र त्या एका खिडकीशी ती थांबत नसे. बाई त्या खिडकीखाली नुसत्या पदराने झोपत. हेडमास्तर पलीकडच्या भिंतीला, अंगावर तीन घोंगड्या. मी विचारले, "थंडी वाजत नाही?" ते म्हणाले, "वाजते. पण ही लाकडाची नासाडी नाही, मास्तर. घोंगडीला सरपण लागत नाही."

पुढे माझी बदली झाली. हेडमास्तर निवृत्त होऊन भोरला राहायला गेले. चाळीस सालानंतर कधीतरी, पौषातच, मला कळले की बाई गेल्या पावसाळ्यात वारल्या. मी भेटायला गेलो. यावेळी सांगायला माझ्याजवळ एकही विशेषण नव्हते.

नदीकाठचे छोटे घर. खिडक्या नेहमीसारख्या शहाण्या केलेल्या, कडांना लोकर, कुठे फट म्हणून नाही. फक्त एक खिडकी सताड उघडी. नीरेवरून बोचरा वारा येत होता आणि हेडमास्तर तिच्यासमोरच बसले होते, तीन घोंगड्यांत, नाक लाल झालेले. माझे दात वाजायला लागले. मला वाटले, एकटे पडले, हात चालत नाहीत, लावायची राहिली असेल. ज्यांचा मी इतकी वर्षे शिष्य होतो त्यांच्या घरात खिडकी उघडी बघवेना. मी उठलो आणि झडप ओढायला लागलो.

"राहू द्या, मास्तर," ते म्हणाले. "ती आपली नाही."

मी झडप सोडली आणि येऊन त्यांच्याजवळ बसलो. थोड्या वेळाने त्यांनी अंगावरची एक घोंगडी काढली आणि माझ्या अंगावर टाकली.